कसाव्याची तीन वर्षं

मला त्यांचा पहिला संशय आला तो त्यांच्या बुटांवरून.

टाळेबंदीचा पहिला वसंत होता. युट्रेख्टच्या उत्तर भागात आमची दहा मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर एका अंगाने लांबच लांब उघडी गॅलरी, आणि सगळ्यांची दारं आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या त्या गॅलरीत. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. माझा नवरा वर ऑफिसचा शर्ट आणि खाली पायजमा घालून मीटिंगा करत होता. मी आठवडाभर एकच कुडता चालवत होते. आणि शेजारच्या दाराबाहेर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला एक म्हातारे आफ्रिकन गृहस्थ खुर्ची टाकून बसायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, पँटला धार, पायात चकचकीत काळे बूट. मांडीवर चामड्याची जाडजूड बॅग. ती उघडायचे नाहीत, काही वाचायचे नाहीत, फोनवरही बोलायचे नाहीत. गॅलरीतून कुणी गेलं की पावलांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवायचे आणि तो आवाज संपेपर्यंत तशीच ठेवायचे.

"ज्याला कुठे जायचं नाही तो माणूस रोज बूट कशाला पॉलिश करतो?" मी नवऱ्याला विचारलं.

"तुला काय करायचंय? खोकतो का तेवढं बघ."

त्या दिवसांत संशय घेणं हे वाईट काम राहिलंच नव्हतं. दीड मीटर लांब राहा असं सरकारच सांगत होतं, म्हणजे प्रत्येकाकडे संशयाने बघा असंच की. लिफ्टमध्ये कोण शिंकलं, सुपरमार्केटमध्ये कुणी ढकलगाडी पुसली नाही, सगळं आम्ही मनात टिपून ठेवत होतो. मला तर ते काम सोपंच होतं. लग्नाआधी आणि नंतरही थोडी, अशी सहा वर्षं मी पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली केली होती, बहुतेक फौजदारी. मग नवऱ्याला इथली नोकरी मिळाली आणि मी त्याच्या व्हिसावर आले. माझी सनद इथे चालत नाही. पाच वर्षं मी घर, डच भाषेचे वर्ग आणि पुन्हा घर यांत काढली होती. उलटतपासणी घ्यायला नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्यांची मुलगी आमची शेजारीण. वीस वर्षांपूर्वी घानाहून आलेली, एका वृद्धाश्रमात नर्स. तिने जिन्यात एकदा लांबूनच सांगितलं होतं की वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेत, पण हॉस्पिटलांनी अशी सगळी ऑपरेशनं पुढे ढकलली, आणि तिकडचं विमानतळ बंद झाल्यामुळे परतही जाता येईना. एवढंच.

एप्रिलमध्ये इमारतीच्या ऑफिसने एक पत्रक लावलं की गॅलरीत खुर्च्या ठेवायच्या नाहीत. मी गॅलरीतच उभं राहून ऑफिसला फोन केला आणि माझ्या जुन्या आवाजात इंग्रजीतून भांडले. शेवटी सवयीने म्हणाले, "हे सगळं विदाउट प्रेज्युडिस बोलतेय मी," म्हणजे आमचे हक्क राखून ठेवून. फोन ठेवला तर शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"कुठल्या कोर्टात होतीस?"

मी चमकून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या आवाजाच्या थोडं डावीकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की त्यांना जवळजवळ दिसतच नाही.

"भारतात. पुण्यात," मी म्हणाले.

"मीही वकील. चाळीस वर्षं. मधली आठ वर्षं पार्लमेंटमध्ये, त्यात थोडे दिवस उपमंत्री." मग बॅगेवर हात ठेवून म्हणाले, "मला आत्मचरित्र लिहायचंय. कागद सगळे इथे आहेत, पण वाचता येत नाहीत. मुलीला वेळ नाही. तुला टायपिंग येतं का, कौन्सेल?"

कौन्सेल. कोर्टात वकिलाला म्हणतात तसं. पाच वर्षांत मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मी तिथल्या तिथे हो म्हणाले असते, पण म्हणाले, विचार करून सांगते.

नवरा जेवताना हसला. "आफ्रिकेतला माजी मंत्री, वकील, आणि कागदांनी भरलेली बॅग. अगं, असे ईमेल आपल्याला कॉलेजपासून येतायत. आता तो तुझा बँकेचा नंबर मागेल."

मीही हसले. नंतर भांडी घासताना मला आठवलं की मी इथे कुठल्याही ऑफिसला फोन केला की माझा उच्चार ऐकून पलीकडची बाई पहिली दहा सेकंद कशा आवाजात बोलते. तरी मी इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलंच. त्यांच्याकडे जन्मवारावरून नाव ठेवतात, त्यामुळे त्या नावाचे खंडीभर लोक निघाले. एका जुन्या धूसर फोटोत रंगीत विणीची वस्त्रं खांद्यावर घेतलेले खासदार ओळीत उभे होते. डावीकडून चौथा माणूस ते असू शकत होते. नसूही शकत होते.

मी त्यांना हो म्हणाले, पण मनात एक अट घालून. हा साक्षीदार आहे, क्लायंट नाही.

मे महिन्यापासून रोज दहा ते बारा आमचं काम चालायचं. ते त्यांच्या दाराबाहेर, मी माझ्या दाराबाहेर, मध्ये एक स्टूल. बॅगेतला एखादा गठ्ठा ते स्टुलावर ठेवून मागे सरकायचे, मग मी पुढे होऊन उचलायची. पहिले काही दिवस मी ते कागद एक दिवस उन्हात ठेवून मगच हात लावला. तेही काही कमी नव्हते. मी पान वाचून दाखवलं की म्हणायचे, "दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द गाळलास." मी बघायची, तर खरंच गाळलेला असायचा. कित्येक कागद त्यांना तोंडपाठ होते. मी नीट वाचते की नाही हे ते तपासत होते.

पण सांगायचे सुरेख. वडील रेल्वेत कारकून, आई आजारी असायची. मिशनच्या शाळेत अनवाणी जाणारा मुलगा शिष्यवृत्तीवर लंडनला गेला आणि बॅरिस्टर होऊन परतला. "घोड्याच्या केसांचा विग," ते म्हणायचे, "आणि बाहेर भट्टीसारखं ऊन. पहिल्या केसमध्ये माझ्या कपाळावरून घाम कागदावर पडला आणि नेमकं कलमच पुसलं गेलं." मी त्यांना आमच्या एप्रिलमधल्या काळ्या कोटाचं सांगितलं. पुराव्याच्या कायद्याची कलमं आम्ही एकमेकांना म्हणून दाखवली. एकाच इंग्रज मालकाने दोन्ही घरांत सोडून दिलेलं जुनं फर्निचर ओळखावं तशी ती ओळखू येत होती.

पुढे सैनिकांनी सत्ता घेतली. त्यांनी नेहमीची कोर्टं बाजूला सारून स्वतःची विशेष न्यायालयं काढली. तिथे कायदा न शिकलेली माणसंही न्याय द्यायला बसायची आणि अपिलाची सोय नव्हती. तेव्हा वकिलांच्या संघटनेने ठराव केला की तिथे कुणीही उभं राहायचं नाही, कारण वकील उभा राहिला की त्या तमाशाला कोर्टाची अब्रू मिळते. ठरावाच्या बाजूने मुख्य भाषण त्यांनीच केलं होतं. ते भाषण त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. टाईप करताना माझ्या अंगावर काटा आला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग मी तीन वर्षं राजधानी सोडली. आईच्या गावी गेलो आणि कसावा लावला."

"बस?"

"बस. पुढचं प्रकरण निवडणुका परत आल्या तिथपासून."

इतका वेळ ज्या माणसाला घामाने पुसलेलं कलमही आठवत होतं, त्याची तीन वर्षं एका वाक्यात संपली. माझे पुण्याचे सिनियर म्हणायचे की साक्षीदार बोलतो ते नंतर बघ, आधी तो कुठे घाई करतो ते बघ. मी त्या पानावर पेन्सिलीने छोटी फुली केली.

जूनमध्ये त्यांनी मला हिरव्या नाडीने बांधलेला एक गठ्ठा दिला. "ही जुनी निमंत्रणं. समारंभांच्या तारखा काढून ठेव." मी उघडला. चार-पाच निमंत्रणं होती खरी. त्यांच्याखाली, मधोमध घडी घातलेलं, वकिलांच्या संघटनेचं पत्र होतं. सभासदांनी एकमताने ठराव केलेला असताना आपण विशेष न्यायालयात आरोपीतर्फे हजर झालात, आणि त्यानंतर त्याच सरकारच्या समितीवर पद स्वीकारलंत. सबब आपलं सदस्यत्व स्थगित करण्यात येत आहे. पत्रावरची तारीख कसाव्याच्या तीन वर्षांतली होती.

"काय आहे?" त्यांनी विचारलं. मी फार वेळ गप्प राहिले असणार.

"निमंत्रणच आहे," मी म्हणाले. "कुठल्या तरी शाळेचं."

खोटं बोलले. सहज बोलले. मग पत्र जागच्या जागी ठेवून नाडी बांधली आणि गठ्ठा परत स्टुलावर ठेवला. ते पुढे झाले, गठ्ठा उचलला आणि बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत राहिले.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "तुला टायपिंगचं काम दिलंय ना? टाईप कर आणि सोड." पण मला आता झोंबलं होतं. ज्याने उभं राहू नका म्हणून भाषण केलं, तोच जाऊन उभा राहिला, वर पद घेतलं, आणि आता ते भाषण माझ्या हातून पुस्तकात घालून घेतोय. माझ्या बोटांचा कुणी तरी वापर केला असं मला वाटलं.

त्या आठवड्यात एकादशी होती. मी साबुदाण्याची खिचडी केली आणि एक डबा त्यांच्यासाठी नेला. त्यांनी आधी वास घेतला, मग एक दाणा जिभेवर ठेवला.

"हे काय आहे?"

"साबुदाणा. म्हणजे तुमचा कसावाच. त्याच्या पिठाचे दाणे करतात."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. ते खायला लागले. मी खुर्चीत बसले आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "तुम्ही गावी लावायचात तेव्हा बी कुठून आणायचात?"

चमचा क्षणभर थांबला. "शेजारी द्यायचा," ते म्हणाले.

"आणि पीक किती दिवसांत यायचं?"

"तीनेक महिन्यांत."

मी आदल्या दिवशीच वाचून आले होते. कसावा बी पेरून लावत नाहीत. त्याच्या दांड्याचे तुकडे करून जमिनीत खोचतात, आणि कंद धरायला नऊ महिने, कधी वर्षही लागतं. साक्षीदार सापडला होता. अशा वेळी कोर्टात मी पुढचा प्रश्न विचारला असता, तुम्ही तिथे नव्हतातच, बरोबर? पण मी विचारला नाही. डबा रिकामा झाल्यावर तो घेऊन मी घरात गेले आणि दार लावलं. मला वाटलं मी मोठेपणा दाखवला. खरं म्हणजे मला ते उत्तर हातात ठेवायचं होतं.

त्यानंतर सगळं बिघडत गेलं. काम चालू होतं, पण ते आता प्रत्येक वाक्याआधी थांबायचे. मी किती प्रती काढते, त्या कुठे ठेवते, हे विचारायला लागले. सप्टेंबरात एके सकाळी मी लॅपटॉप उघडला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याची कंपनी कुणासाठी काम करते?"

"विमा कंपन्यांसाठी. का?"

"आमच्याकडे डिसेंबरात निवडणूक आहे. माझ्या मतदारसंघातून माझा पुतण्या उभा आहे. माझ्याबद्दल काही मिळालं तर ते कुणाच्या कामाचं आहे, तुला कल्पना आहे का?"

"तुम्हाला वाटतं मी तुमचे कागद कुणाला विकतेय?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतोय."

"सर, तुम्ही मला विचारताय? तुम्ही?"

आवाज चढला असणार, कारण दोन दारं पलीकडच्या बाई बाहेर येऊन बघायला लागल्या. ते उठले, बॅग घेतली, भिंतीला हात लावत आत गेले. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सत्तर-ऐंशी पानं एका फाईलमध्ये बंद केली आणि नवऱ्याला म्हणाले, सुटले एकदाची. दहा वाजले की मात्र कान गॅलरीकडे जायचे.

नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज घोगरा. वृद्धाश्रमात साथ पसरली होती आणि तिची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. ती आतल्या खोलीत एकटी होती, वडील बाहेरच्या खोलीत. दोघांनाही घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. "किराणा आणून ठेवशील का दाराशी?" तिने विचारलं. "डॅडींना मी काही करून घालू शकत नाही. त्यांना झालं तर काय, या विचाराने झोप येत नाही."

मी रोज पिशवी ठेवायला लागले. ब्रेड, अंडी, टोमॅटो, कधी वरणभाताचा डबा. बेल वाजवून चार पावलं मागे सरकायची. दार उघडायचं, एक हात बाहेर यायचा, चाचपडत पिशवी घ्यायचा. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

मुलगी मात्र फोनवर बोलायची. ताप उतरत होता, खोलीत पडून तिला कंटाळा आला होता. एकदा तिने विचारलं, "पुस्तक कुठवर आलं?"

"कसाव्याच्या वर्षांपर्यंत," मी म्हणाले.

तिने पलीकडे पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाली, "मी तेव्हा सहा-सात वर्षांची होते. आईबरोबर गावी राहायचे. डॅडी रविवारी यायचे. गाडीतून. ड्रायव्हर वळणावरच हॉर्न वाजवायचा आणि मी पळत सुटायचे. आईने सांगून ठेवलं होतं, गाडीचं बाहेर कुणाला बोलायचं नाही." खोकल्याची उबळ आली, ती थांबली. "अजून कुणाला बोलले नव्हते. कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी ठेवली आणि निघाले, तेवढ्यात त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. आत ते उभे होते, स्वेटरवर कोट चढवून. दाढी वाढली होती. इतक्या महिन्यांत प्रथमच मला त्यांचे बूट दिसत नव्हते, खिडकीतून ते फक्त कमरेपर्यंत दिसत होते.

"कसावा बी पेरून लावत नाहीत," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तुला आत्ता माहीत झालंय. मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"मग शेजारी बी द्यायचा असं का सांगितलंत?"

"तू तसा प्रश्न विचारलास म्हणून. तो प्रश्न ऐकला आणि कळलं, हिने पत्र वाचलंय आणि ही मला पकडायला आली आहे. म्हटलं, पकड. तुला हवं ते उत्तर दिलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसलो. तू विचारलाच नाहीस. डबा घेऊन गेलीस." त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात टेकले. "वकील पुढचा प्रश्न विचारत नाही तेव्हा त्याला ते उत्तर दुसरीकडे वापरायचं असतं. म्हणून मी घाबरलो."

"आणि ते पत्र? तेही मुद्दाम दिलंत?"

"तो गठ्ठा मी बोटांनी ओळखतो. नाडीला दोन गाठी आहेत."

नाडीला दोन गाठी होत्या हे खरं. पण दुसरी गाठ मी मारली होती, पत्र वाचून गठ्ठा परत बांधताना. म्हणजे पत्र त्यांनी ठरवून दिलं होतं, की नंतर बोटांनी गाठ मोजून सगळं ओळखलं आणि आता ठरवून दिल्याचं सांगत होते? मी तसं म्हणाले. ते फक्त किंचित हसले. मला ते आजही कळलेलं नाही.

"आता विचार," ते म्हणाले. "लॅपटॉप घेऊन ये आणि विचार."

मी लॅपटॉप आणला आणि गॅलरीत थंडीत उभी राहून टाईप केलं. बोटं गारठत होती. ते खिडकीच्या आत, मी बाहेर.

त्यांच्या शहराच्या बाजारात एक कापड विकणारी बाई होती. लहानपणी आई आजारी असताना ते वर्षभर तिच्याकडे राहिले होते, कापडाच्या ठाणांवर झोपायचे. सैनिकांच्या राज्यात तिच्या दुकानात भिंतीमागे लपवलेलं कापड सापडलं. साठेबाजीचा गुन्हा. त्या काळात बाजारातल्या बायकांना भर चौकात फटके मारत होते. तिची मुलगी त्यांच्या घरी आली आणि दारातच खाली बसली. भाषणाला तेव्हा दोन महिने झाले होते.

"मी विग न घालता गेलो. साधा शर्ट. वाटलं, विग नसला तर मी वकील म्हणून गेलो असं होणार नाही. बघ माणूस स्वतःला काय काय समजावतो. समोर तिघे बसले होते, त्यातला एक सार्जंट. मी खूप वेळ बोललो. तिला आठ वर्षांची कैद झाली. गोळी घालणार होते, मी वाचवली."

"आणि पद?"

"महिन्याभराने बोलावणं आलं. नियम लिहायला वकील हवा होता. मी अट घातली, अपिलाची सोय करा. त्यांनी मान्य केलं. वर्षभरात ते कलम आलं."

"म्हणजे एक वर्ष झालं," मी म्हणाले. "उरली दोन."

आतून मुलीच्या खोकल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे मान वळवली, मग परत माझ्याकडे.

"उरलेली दोन वर्षं मी राहिलो."

"का?"

"गाडी होती. दारात माणूस उभा असायचा. ज्यांनी मला संघटनेतून काढलं ते कामं घेऊन माझ्या ऑफिसबाहेर बाकावर बसायचे. मी त्यांना ताटकळत ठेवायचो. मला ते आवडायचं. लिहिलंस?"

"लिहिलं."

"नंतर निवडणुका आल्या तेव्हा लोकांना सांगितलं की मी शेतावर होतो. दोनदा खपलं. तिसऱ्या वेळी विरोधकाने ट्रकवर उभं राहून ते पत्र वाचून दाखवलं. मी पडलो." मग म्हणाले, "खिडकी लावतो आता, तुला थंडी वाजत असेल."

त्यांना लागण झाली नाही. मुलगी महिन्याने कामावर गेली, पण जिना चढताना पुढे वर्षभर धापा टाकायची. पुतण्या निवडणुकीत पडला, त्यात पत्राचा काही संबंध नव्हता. पुढच्या वसंतात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मी सगळा मसुदा छापून त्यांच्या दाराशी ठेवला आणि मनाशी पैज लावली की ते प्रकरण आता गळणार. दिसायला लागलं, निवडणूक संपली, खिडकीतलं ते बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. कुठला राजकारणी ठेवेल?

चार दिवसांनी ते स्वतः चालत माझ्या दाराशी आले. मला पहिल्यांदा नीट बघत होते, जरा रोखूनच. हातात ते प्रकरण होतं, एका ओळीखाली शाईची रेघ.

"इथे लिहिलंय, 'मला त्याची सवय होत गेली.' हे मी म्हणालो नव्हतो."

ते मीच बदललं होतं. थंडीत खिडकीशी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याची दया आली होती म्हणून, आणि त्यांची मुलगी ते वाचणार होती म्हणूनही.

"तुम्ही म्हणालात, मला ते आवडायचं," मी म्हणाले.

"मग तसं लिही. साक्षीदाराचे शब्द बदलणारा वकील मी माझ्या ऑफिसात ठेवला नसता."

मुलीने ते प्रकरण माझ्यासमोर, गॅलरीत उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर वडिलांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही. दोघं आत गेले आणि बराच वेळ आतून फक्त भांड्यांचा आवाज येत राहिला.

उन्हाळ्यात विमानं नीट सुरू झाली आणि ते परत गेले. मी त्यानंतर परीक्षा देऊन कोर्टाच्या दुभाषाचं काम सुरू केलं. मराठी, हिंदी, इंग्रजी. दुभाषाला एक शब्दही बदलता येत नाही, मला ते जमतं. पुस्तक त्यांच्या शहरातल्या एका छोट्या छापखान्यात छापलं. मुलीने सांगितलं की प्रकाशनाच्या वेळी चर्चच्या हॉलमधले बरेच जुने वकील मधूनच उठून गेले.

पुढच्या वर्षी एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज थकलेला वाटला.

"दुसरी आवृत्ती काढायचीय. एक परिच्छेद घालायचाय. तूच टाईप कर."

कापडवाल्या बाईची मुलगी त्यांना भेटायला आली होती. तिनेही पुस्तक वाचलं होतं. आई तर केव्हाच गेली. मुलगी म्हणाली, तुम्ही लिहिलंय तुम्ही तिला वाचवलं. आई तसं कधीच म्हणाली नाही. आई म्हणायची, तीन वर्षं द्यायचं आधीच ठरलं होतं, पहारेकऱ्याने तिला सकाळीच सांगितलं होतं. मग वकील उभा राहिला, बोलतच राहिला, सार्जंट चिडला आणि तिनाची आठ झाली.

"हा ऐकीव पुरावा आहे, सर," मी म्हणाले. "पहारेकऱ्याने आईला सांगितलं, आईने मुलीला, मुलीने तुम्हाला. कुठल्याच कोर्टात टिकणार नाही."

"नाही टिकणार. लिही."

"तुम्हाला हे खरं वाटतं?"

फोनवर त्यांच्याकडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. "माहीत नाही," ते म्हणाले. "पण मी तिथे होतो तशी तीही तिथे होती."

मी परिच्छेद टाईप केला आणि त्यांना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी एकही शब्द बदलला नाही.